खिडकीच्या जाळीवरचा पट्टेरी साप, कुंडीतला काळा ‘किडा’ आणि लाल शेपटीची ‘पाल’

ताई, घोडबंदर रस्त्यालगतच्या तुमच्या तळमजल्यावरच्या घरात गेल्या पंधरा दिवसांत दिसलेल्या तीन जीवांविषयी तुम्ही विचारले आहे. रात्री साडेदहाच्या सुमारास न्हाणीघराच्या खिडकीच्या जाळीवर चढलेला पांढरट पट्ट्यांचा हातभर साप, मोगऱ्याच्या कुंडीतून निघालेला चकचकीत काळा किडा आणि तुळशीमागे सळसळत नाहीशी झालेली लाल शेपटीची पाल. सापाला सुरक्षारक्षकाने मण्यार ठरवल्यापासून घरात कोणी नीट झोपलेले नाही आणि दोन दिवसांनी त्याच खिडकीत कातीचा तुकडा सापडला, असेही तुम्ही लिहिले आहे. छायाचित्र बॅटरीच्या उजेडात दुरून काढलेले आणि थोडे हललेले आहे, तरी त्यात जेवढे दिसते तेवढ्यावरून तो कवड्या असावा, म्हणजे पूर्ण बिनविषारी साप, असे माझे मत आहे. हे मत कशावरून बनवले ते जरा सविस्तर लिहितो, कारण पुढच्या वेळी छायाचित्र पाठवून उत्तराची वाट पाहण्याइतका वेळ हाताशी असेलच असे नाही.

काळपट अंग आणि पांढरे पट्टे एवढ्या वर्णनात कवड्या आणि मण्यार दोघेही बसतात, म्हणूनच दर पावसाळ्यात हा घोटाळा होतो. पट्टे आहेत की नाहीत यापेक्षा ते अंगावर कुठून सुरू होतात हे पाहावे. कवड्याच्या डोक्यामागे मानेवरच एक रुंद, पिवळसर पांढरा पट्टा असतो, पुढच्या अर्ध्या अंगावर पट्टे ठळक दिसतात आणि शेपटीकडे जाता जाता पुसट होत नाहीसे होतात. हे पट्टे पाठीवर अरुंद असून दोन्ही कुशींवर फाकून जाळीसारखे पसरतात. मण्यारीचे याच्या नेमके उलट असते. तिचे अंग निळसर काळे आणि तकतकीत असते, मानेजवळ पट्टे बहुधा नसतातच किंवा तिथे नुसते ठिपके असतात, आणि मागे शेपटीकडे जावे तसे दुधी रंगाचे बारीक, बहुधा जोडीजोडीने असलेले आडवे पट्टे स्पष्ट होत जातात. तुमच्या छायाचित्रात मानेवरचा पिवळसर पट्टा दिसतो, अंगाचा रंग काळ्यापेक्षा तपकिरीकडे झुकणारा आहे आणि जाळीखाली लोंबणारा शेपटीचा भाग जवळजवळ एकरंगी आहे.

दुसरी गोष्ट जागेची. कवड्या उत्तम चढतो. खडबडीत भिंत, सांडपाण्याचा पाइप, खिडकीची जाळी यांवरून तो पालींच्या मागे सहज वर जातो, कारण पाल हेच त्याचे मुख्य खाद्य आहे. मण्यार प्रामुख्याने जमिनीवर वावरते. ती भिंतीच्या कडेने, उंबऱ्याच्या फटीतून, विटांच्या किंवा अडगळीच्या ढिगाऱ्यातून येते. मण्यार कधीच वर चढत नाही असे मात्र मी म्हणणार नाही, त्यामुळे एकट्या जागेवरून निष्कर्ष काढू नये.

पट्ट्यांच्या खुणेलाही अपवाद आहेत. मण्यारीच्या पिलांमध्ये पट्टे पुष्कळदा मानेच्या बरेच जवळून सुरू झालेले असतात, आणि मोठ्या वयाच्या एखाद्या कवड्याच्या अंगावर पट्टे जवळजवळ उरलेलेच नसतात. म्हणून मानेवरचा पट्टा, अंगाचा रंग, पट्ट्यांची जाडी, डोक्याचा आकार आणि जागा या साऱ्या खुणा एकाच दिशेने बोट दाखवत असतील तरच कवड्या म्हणावे. त्याचे डोके चपटे, पुढे पसरट आणि मानेपेक्षा किंचित रुंद असते, तर मण्यारीचे डोके मानेशी जवळजवळ एकसारखे असते. एक जरी खूण विसंगत वाटली तरी तो साप मण्यार आहे असे धरून दूर राहावे. या चुकीत नुकसान एवढेच की एका बिनविषारी सापाला आपण उगाच घाबरलो. उलट बाजूची चूक जीव घेऊ शकते.

मात्र घाबरणे वेगळे आणि मारणे वेगळे. काही वर्षांपूर्वी आमच्या इमारतीच्या जिन्यात असाच एक साप मण्यार समजून काठीने मारला गेला. मी खाली पोहोचलो तेव्हा तो कचऱ्याच्या सुपलीत पडलेला होता. मानेवरचा पिवळसर पट्टा उभ्यानेच दिसत होता, आणि वाकून पाहिले तर त्याच्या तोंडातून पालीची अर्धी शेपटी बाहेर आलेली होती. बिचाऱ्याचे भक्ष्यसुद्धा गिळून झाले नव्हते. ते दृश्य मी अजून विसरलेलो नाही, आणि अशा प्रश्नांना मी एवढी लांब उत्तरे लिहितो त्याचे मोठे कारण तेच आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार साप मारणे किंवा पकडून ठेवणे गुन्हा आहे, हेही सोसायटीच्या बैठकीत एकदा स्पष्टपणे सांगावे. साप घरात शिरलाच तर मुलांना दुसऱ्या खोलीत न्यावे, एकाने दुरून त्याच्यावर नजर ठेवावी आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

चुकून दंश झालाच तर साप ओळखण्यात एक क्षणही घालवू नये, आणि त्याला पकडून रुग्णालयात नेण्याच्या भरीस तर मुळीच पडू नये. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच सामाईक प्रतिविष दिले जाते. मण्यारीच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी लागते, कारण तिचा दंश पुष्कळदा दुखत नाही, सूज येत नाही आणि दातांच्या खुणाही सापडत नाहीत. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला काही तासांनी पोटात कळ येते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, बोलणे अडखळते आणि पुढे श्वास मंदावतो. लक्षणांची वाट न पाहता, आवळपट्टी न बांधता, जखम न कापता आणि त्या माणसाला चालायला न लावता लगेच रुग्णालय गाठावे. खालच्या मजल्यांवर पावसाळ्यात जमिनीवर अंथरूण घालण्याऐवजी पलंगावर झोपावे आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी, असे मी सर्वांना आग्रहाने सांगतो.

आता कातीविषयी. तो तुकडा तुम्ही टाकून दिला नसेल तर छायाचित्रापेक्षा मोठा पुरावा तुमच्याकडे आहे. कात कोमट पाण्यात दहा मिनिटे भिजवून पांढऱ्या ताटलीत हलक्या हाताने उलगडावी आणि भिंगाखाली पाहावी. मण्यारीच्या पाठीच्या अगदी मधल्या ओळीतले खवले शेजारच्या खवल्यांपेक्षा स्पष्टपणे मोठे आणि षटकोनी असतात; कवड्याच्या पाठीवर सगळे खवले साधारण सारखे दिसतात. तुकड्यात शेपटी असेल तर तिची खालची बाजूही पाहावी. तिथे मण्यारीचे खवले अखंड, एकेरी असतात, तर कवड्याचे मधोमध दुभागलेले, दोन ओळींत. मात्र पोटावरचे रुंद खवले दोन्ही सापांत अखंडच असतात, त्यामुळे तुकडा खरोखर शेपटीचा आहे याची आधी खात्री करून घ्यावी, नाहीतर कवड्याची मण्यार व्हायची. कात ताणली जाऊन मूळ सापापेक्षा लांब होते, म्हणून तिच्या लांबीवरून सापाच्या आकाराचा अंदाज बांधू नये.

मोगऱ्याच्या कुंडीतला तो ‘किडा’ म्हणजे वाळा, हे मी जवळजवळ खात्रीने सांगू शकतो. तुम्ही लिहिलेली एक ओळ माझ्या दृष्टीने फार मोलाची ठरली : ‘हातात घ्यायला गेले तर गांडुळासारखा आक्रसला नाही, सुळकन मातीत शिरला.’ गांडूळ आपले अंग आखडून आणि ताणून पुढे सरकते, त्याच्या अंगावर वळ्या असतात आणि कातडी ओलसर, चिकट असते. वाळा हा साप आहे. त्याच्या अंगावर गुळगुळीत, तकतकीत खवले असतात, तो नागमोडी पळतो, आणि बारकाईने पाहिले तर डोक्याच्या टोकाला खवल्याखाली दोन काळे ठिपके, म्हणजे त्याचे डोळे, दिसतात. शेपटीच्या टोकाला बारीकसा काटा असतो. तो मातीत शिरताना टेकू म्हणून उपयोगी पडतो. त्यात विष नसते. चार-पाच इंचांचा हा साप मुंग्या आणि वाळवीची अंडी व अळ्या खातो, म्हणजे कुंडीच्या दृष्टीने तो पाहुणा नव्हे, कामकरी आहे. या जातीत नर आढळत नाहीत. मादी एकटीच अंडी घालते, त्यामुळे रोपवाटिकेतून आलेल्या मातीच्या गोळ्यात एकच वाळा आला तरी नवी वस्ती उभी राहू शकते. कुंड्यांच्या मातीतूनच तो जगभर पसरला आहे. तो कानात शिरतो ही समजूत निराधार आहे. न्हाणीघरातल्या मोरीच्या जाळीतून वर आलाच तर कागदावर घेऊन कुंडीत सोडावा.

लाल शेपटीची ती पाल नव्हे, सापसुरळी. आमच्या आजीच्या शब्दांत सापाची मावशी. लाल शेपटीवरून ते पिलू वाटते. भारतात एकही पाल, सरडा किंवा सापसुरळी विषारी नाही, त्यामुळे तिच्याविषयी याहून अधिक लिहिण्याची गरज नाही.

राहिला प्रश्न कवड्या पुन्हा येईल का हा. खिडकीखालचा बाहेरचा दिवा रात्रभर जळतो असे तुम्ही लिहिले आहे. त्या दिव्यावर किडे येतात, किड्यांसाठी पाली भिंतीवर ठाण मांडतात आणि पालींसाठी कवड्या चढतो. येऊरचा डोंगर इतका जवळ असताना साप परिसरात असणारच, पण तो नेमका तुमच्याच खिडकीपर्यंत यावा याचे कारण तो दिवा आहे. रात्री झोपताना तो बंद करावा, खिडकीला बारीक छिद्रांची मच्छरजाळी बसवून घ्यावी आणि पाइप भिंतीत शिरतो तिथली फट सिमेंटने बुजवावी. फट बुजवण्याआधी बॅटरीने आत नीट पाहावे, कारण कात तिथेच टाकलेली असेल तर साप अजूनही आत असू शकतो.