मॉरिशस: ऊस गेला तरी जमीन शेतीचीच राहते

तुमच्या यजमानांच्या आजोबांचं मॉरिशसच्या पश्चिमेकडच्या बाम्बू गावाजवळचं सव्वा आर्पां (एक आर्पां म्हणजे एकराहून जरा जास्त) उसाचं रान बरीच वर्षं पडीक आहे. मॉरिशसची शेतजमीन वर्षागणिक घटतेय असे आकडे तुम्ही कुठेतरी पाहिलेत, म्हणजे सरकार जमीन मोकळी करतंय, तर घर बांधायची परवानगी सहज मिळेल ना, असं विचारलंय. वाचून आधी हसू आलं, मग पोटात तुटलं. माझं सासर त्याच बाजूचं, आणि हाच तर्क आमच्याकडेही लढवला गेला होता.

मी वकील नाही, नोटरी नाही. तिकडचे नियम बजेटगणिक बदलतात. खालचं सगळं आमच्या अनुभवापुरतं धरा.

आकडे खोटे नाहीत. 2000 च्या सुमारास बेटावर 70 हजार हेक्टरांहून जास्त ऊस तोडला जायचा, आता 40 हजारांच्याही खाली आलाय. 1973 साली 7 लाख 18 हजार टन साखर झाली होती, तो विक्रम आजही तसाच आहे. 1975 च्या करारानं युरोप दरवर्षी सुमारे 5 लाख टन साखर हमीभावानं घ्यायचा. 2006 पासून तो भाव टप्प्याटप्प्यानं 36 टक्के खाली आणला, आणि 2017 मध्ये युरोपनं स्वतःच्या साखर उत्पादनावरची कोट्याची मर्यादाही काढून टाकली. मग लहान शेतकऱ्याला तोडणीची मजुरीसुद्धा परवडेना. कारखाने मिटत मिटत 3 उरले. आमच्या भागातला मेदिनचा बंद झाला, तेव्हापासून ऊस पार दक्षिणेला पाठवायचा. एवढ्याशा तुकड्यासाठी लॉरीवाला फोनसुद्धा उचलत नाही.

पण तो आकडा कशाचा, ते बघा. तो तोडलेल्या उसाचा आहे. जमीन कागदावरून शेतीतून बाहेर पडली, असं त्यातून निघत नाही. जागतिक आकडेवारीत पाच वर्षांच्या आतली पड जमीनही लागवडीखालची म्हणून मोजतात, तिथला आकडा आणखी वेगळा. आणि परवानगी देणाऱ्याला या दोन्हींशी काही देणंघेणं नसतं. आपल्याकडे सातबाऱ्यावर पीक 'पड' लिहिलं म्हणून जमीन एन.ए. होते का? तिथेही नाही. बिगरशेती करायची तर 2001 च्या साखर उद्योगाच्या कायद्याखाली रूपांतराची वेगळी परवानगी लागते, आणि बांधकामाची जिल्हा परिषदेकडून वेगळी. प्लॉट वस्तीच्या आखलेल्या हद्दीत आहे की बाहेर, हे परिषदेच्या नकाशावर सगळ्यात आधी पाहा. आम्हाला हे सगळ्यात शेवटी कळलं.

आता ज्यानं आमचं सगळ्यात जास्त नुकसान झालं ते. कार्यालयाचं नाव घेत नाही, कारण नणंदेचं अजून तिथे काम अडलेलं आहे. सासरे कागद घेऊन तिथे गेले. खिडकीवरच्या बाईंनी कागद चाळले आणि म्हणाल्या, ऊस उभा नाही ना, मग रूपांतराचा प्रश्नच कुठे येतो, थेट नकाशे करून आणा. हे तोंडी. लेखी द्या म्हटलं तर, त्याची गरज नसते. सासरे जुन्या वळणाचे, साहेबाच्या खुर्चीवरचा माणूस बोलला म्हणजे तो हुकूम. त्याच हंगामात गावातला एक शेतकरी आमचं रान कसायला घ्यायला तयार होता. आता घरच बांधायचंय म्हणून त्याला नाही सांगितलं. नकाशे झाले, पैसे गेले, आणि दुसऱ्या कार्यालयानं फाइल परत पाठवली: जमीन शेतीची, रूपांतराची परवानगी जोडा. पुन्हा पहिल्या खिडकीवर गेलो तर त्या बाई बदलून गेलेल्या. नव्या साहेबांना असं कोणी काही सांगितल्याचं पटेचना! फाइल या टेबलावरून त्या टेबलावर जात राहिली आणि रानात खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणारं पीक, मेला. तिकडे एकदा लागण केली की सात-आठ खोडवे घेतात, म्हणजे जिवंत खोड हीच खरी पुंजी. ती गेल्यावर नव्यानं लागण, त्याआधी दगड वेचून जमीन साफ करणं, हा खर्च त्या तुकड्याच्या उत्पन्नातून निघणारा नव्हता. तो शेतकरीही पुन्हा आला नाही.

म्हणून माझं मत, पटलं तर घ्या: परवानगीच्या मागे लागण्याआधी जमीन कोणाच्या तरी हाती कसायला द्या, लेखी करारानं, थोड्या मुदतीनं. ऊस नको असेल तर भाजी, अननस, काहीही. वर्षाला 60 टनांपर्यंत साखर होणाऱ्यांना सरकारनं हमीभाव जाहीर केल्यापासून लहान तुकडे घेणारी माणसं पुन्हा भेटतात, निदान सपाट आणि पाण्याजवळच्या रानाला. दुसरं कारण जास्त गंभीर. तिथे दुसऱ्याची जमीन 30 वर्षं ताब्यात ठेवली तर तिच्यावर मालकी सांगता येते. गुलाम आणि गिरमिटियांवरच्या जुन्या अन्यायांच्या चौकशीसाठी 2009 मध्ये नेमलेल्या सत्य आणि न्याय आयोगापुढे जमिनी अशा हातातून गेल्याच्या तक्रारींचा ढीग आला होता. मालक परदेशात आणि रान ओसाड, यापेक्षा सोयीचं शेजाऱ्याला काय हवं?

आणि खरं सांगू, राग याचाही येतो की हजारो आर्पां असलेल्यांसाठी 2002 पासून व्हिलांच्या योजना, 2015 पासून स्मार्ट सिटी, सगळं गालिचा अंथरून. तिथे उसाच्या जागी गोल्फचं गवत आलं. आमच्यासारख्यांना मात्र सव्वा आर्पांसाठी शेतजमीन वाचवण्याचं प्रवचन. देश खातो त्यातलं साधारण तीन चतुर्थांश बाहेरून येतं, तांदूळ तर जवळजवळ सगळाच, तेव्हा शेती वाचवायला माझी ना नाही. पण मग नियम सगळ्यांना सारखा लावा. असो, हे विषयांतर झालं.

वारसांचं तुम्ही लिहिलेलं नाही. आजोबांच्या नावावरच असेल तर जमीन सामाईक आहे, आणि मुंबईतल्या चुलत्यापासून पॅरिसमधल्या आत्यापर्यंत सगळे त्यात येतात. वाटणी मागायचा हक्क प्रत्येकाला आहे, म्हणून आधी फोन करा, मग नोटरी गाठा. दस्त फ्रेंचमध्ये असेल, त्यात आर्पां आणि पर्श असतील: 100 पर्शांचा 1 आर्पां, आणि 1 आर्पां म्हणजे 0.4221 हेक्टर, आपल्या मापानं एक एकर पावणेदोन गुंठे. ही मापं स्वतः जुळवून पाहा. आमच्या दस्तातली हद्द ज्या आंब्याच्या झाडापासून सुरू होते, ते झाड कोणी पाहिलेलंच नाही.

खिडकीवर काही सांगितलं गेलं तर त्याच दिवशी ईमेल करा, 'आपण आज असं सांगितलंत' एवढंच. उत्तर आलं नाही तरी चालेल. दस्ताचं साल आणि प्लॉट बाम्बूच्या कुठल्या अंगाला, कास्कावेलकडे की डोंगराकडे, ते इथे लिहा. दीर सुट्टीला तिकडेच जातोय, परिषदेच्या नकाशात हद्द पाहून येईल.