सवड, फुरसत की विश्रांती?

इंदूरच्या एका वाचकाला तिथल्या मराठी मंडळात न्याय्य प्राप्तिकरावर व्याख्यान द्यायचे आहे. इंग्रजीतल्या 'लीझर'ला 'विश्रांती' म्हणावे की 'आराम', असा त्यांचा प्रश्न आहे. माझ्या मते दोन्ही टाळून 'सवड' वापरावा.

कारण विषयातच आहे. अर्थशास्त्रज्ञ जेम्स मिरलीज यांनी प्राप्तिकराविषयी 1971 साली मांडलेल्या सिद्धान्तात काम आणि मोकळा वेळ यांबाबतच्या सर्वांच्या आवडीनिवडी सारख्या आणि फरक फक्त कमावण्याच्या कुवतीत, असे गृहीत धरलेले होते. सरकारला उत्पन्न दिसते पण कुवत दिसत नाही, ही त्यातली मुख्य अडचण. आवडीनिवडीही वेगवेगळ्या मानल्या, की गुंता वाढतो. राजवाड्याजवळ दुकानांचे हिशेब लिहिणारे दोघे कल्पून पाहा. एकाला तासाला 300 रुपये मिळतात आणि तो चार तासांनी वही मिटून गाण्याच्या रियाझाला बसतो; दुसऱ्याला 150 मिळतात आणि तो आठ तास खपतो. दिवसाची मिळकत दोघांचीही 1200 रुपये, त्यामुळे करही सारखाच. आता पहिल्याच्या उरलेल्या वेळाला 'आराम' म्हटले, तर तो श्रोत्यांच्या लेखी आळशी ठरतो आणि 'विश्रांती' म्हटले, तर थकलेला. म्हणजे युक्तिवाद सुरू होण्याआधीच निवाडा होऊन जातो.

मार्क फ्लॉरबे आणि फ्रांस्वा मानिके या अर्थशास्त्रज्ञांनी 2006 साली वेगळी वाट धरली. कुवतीतल्या तफावतीची भरपाई व्हावी, मात्र आवडीनिवडीपायी कोणाला झुकते माप मिळू नये, या भूमिकेतून ते अशा निष्कर्षाला आले, की सर्वांत कमी मजुरीवर पूर्ण वेळ राबणाऱ्यांना सर्वाधिक साहाय्य मिळावे. सवड पसंत करणाऱ्यावर यात ठपका नाही, आणि हा बारकावा 'आराम' या शब्दाने पुसला जातो.

'फुरसत' इंदुरात हिंदीच्या शेजारामुळे चटकन जिभेवर येईल, आणि तो शब्द वाईटही नाही. पण फुरसत बहुधा मिळते, फावला वेळ उरतो, सवड मात्र आपण काढतो. निवडीचा अर्थ त्या क्रियापदातच आहे. एक खबरदारी मात्र घ्यावी: अर्थशास्त्राच्या या हिशेबात मोबदल्याच्या कामाबाहेरचा सगळाच वेळ 'लीझर'मध्ये जमा होतो, अगदी स्वयंपाक आणि आजारी सासूची शुश्रूषासुद्धा. त्याला 'सवड' म्हटलेले ऐकून सभेतल्या बायका हसतील, आणि ते रास्तच आहे. म्हणून व्याख्या पहिल्याच मिनिटाला सांगून टाकावी.