हार्डवेअर हातात नसताना सीएक्सएलसाठी कर्नलचं काम कसं शिकायचं?

तुम्ही विचारलंय, सोलापुरात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सीएक्सएलचं (कॉम्प्युट एक्सप्रेस लिंक, म्हणजे सीपीयूला बाहेरची मेमरी आणि इतर डिव्हाइस जोडणारा दुवा, इंटरकनेक्ट) हार्डवेअर इथे बघायलाही मिळत नाही, मग नव्या इंटरकनेक्टला लिनक्स कर्नलमध्ये सपोर्ट कसा देतात ते शिकू कसं?

मी अक्कलकोट रोडला राहतो, ड्रायव्हर लिहिणं हेच माझं काम. सीएक्सएलचं कार्ड माझ्याकडेही नाही, मी क्यूएमूवर, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये अख्खं मशीन उभं करणाऱ्या एम्युलेटरवर, शिकलो. त्यातल्या क्यू३५ नावाच्या मशीनला सीएक्सएल चालू करा आणि रूट पोर्टखाली टाइप-३ डिव्हाइस, म्हणजे फक्त मेमरी वाढवणारं, जोडा. कर्नलला ते खरंच वाटतं. वेग मात्र त्यावर मोजू नका.

डेटा कसा वाहतो इथून सुरुवात करू नका. मेमरी एकदा नकाशात बसली की सीपीयू ती साध्या लोड-स्टोअरने वाचतो-लिहितो, कर्नल मध्ये येतच नाही. त्याचं काम त्याआधीचं. डिव्हाइस पीसीआयवर दिसतं, मग मेलबॉक्समधून, म्हणजे कमांड देऊन उत्तर घ्यायच्या डिव्हाइसवरच्या जागेतून, त्याची क्षमता विचारायची. पत्त्यांचा कोणता पट्टा वापरता येईल ते फर्मवेअर एसीपीआयच्या (हार्डवेअरची माहिती ऑपरेटिंग सिस्टिमला देण्याची पद्धत) सीईडीटी या सीएक्सएलसाठीच्या तक्त्यात सांगतं. मग होस्ट ब्रिज, स्विच, डिव्हाइस या प्रत्येक टप्प्यावरचे डिकोडर, म्हणजे कोणता पत्ता पुढे कुठे जाईल ते ठरवणारे भाग, एकमेकांशी जुळवायचे. इंटरलीव्हमध्ये, म्हणजे एकच पट्टा अनेक डिव्हाइसवर तुकड्यांनी वाटताना, डिव्हाइसचा क्रम चुकला तर पत्ता भलतीकडेच जातो. मागाच्या फणीत उभे धागे चुकीच्या क्रमाने ओवले की पुढचं सगळं कापड बिघडतं, तसंच.

हे किती किचकट आहे बघा. सीएक्सएल १.० मार्च २०१९ मध्ये आलं. लिनक्स ५.१२ मध्ये, म्हणजे एप्रिल २०२१ ला, डिव्हाइस ओळखून मेलबॉक्सशी बोलण्याइतपत ड्रायव्हर आला. कर्नलमधूनच मेमरीचा रीजन, म्हणजे डिकोडर जुळवून तयार झालेला पट्टा, बांधता येणं ऑक्टोबर २०२२ च्या ६.० मध्ये.

आणि डिव्हाइस निघून जाणं! याकडे फार दुर्लक्ष होतं. दुसऱ्या एका बसच्या ड्रायव्हरमध्ये मी प्रोब (डिव्हाइस सापडल्यावर चालणारं फंक्शन) नीट लिहिला, पण डिव्हाइस काढल्यावरही एका उघड्या फाइलने त्याचा पॉइंटर धरून ठेवला होता. ग्राहकाच्या मशीनवर कर्नल कोसळला आणि तीन रात्री मी तेच शोधत होतो. म्हणून केसॅन, म्हणजे मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं कर्नलचं साधन, चालू ठेवा, फाइल उघडी असताना सिसएफएसमधून (कर्नलमधली डिव्हाइस फाइलींसारखी दाखवणारी जागा) ड्रायव्हर अनबाइंड करा, म्हणजे डिव्हाइसपासून सोडवा, पुन्हा बाइंड करा, शंभर वेळा.

वाचायला आधी सीएक्सएलच्या फोल्डरमधला पीसीआयचा प्रोब घ्या, मग पोर्ट आणि डिकोडरचा कोड. कर्नलच्याच टूल्स/टेस्टिंग/सीएक्सएलमध्ये खोटी टोपोलॉजी (ब्रिज, स्विच, डिव्हाइसची जोडणी) उभी करणारं चाचणी-मॉड्यूल आहे. पहिला पॅच तिथे शोधा, त्याला क्यूएमूसुद्धा सक्तीचं नाही.