घोडीच्या पायाला तार लागली तर जखम केवढी यापेक्षा कुठे आहे ते आधी बघा

तुमचा प्रश्न असा: घोडीच्या पुढच्या पायाला गुडघ्याखाली काटेरी तारेने दोन बोटं लांब कापलंय, ती लंगडत नाही, मागच्या एका खुराला घाण वास येतोय, आणि घरी हळद भरून भागेल का?

हळद भरू नका. चुना, राख, जळकं ऑइल यातलं काहीही नको. आमच्याकडे करवीर तालुक्यात वडिलांच्या काळापासून वरातीची घोडी आहेत, त्यामुळे हे सगळे प्रकार जवळून बघितलेत. भुकटी जखमेत बसते, खाली पू धरतो आणि डॉक्टरला आतलं काही दिसत नाही.

छातीवर, पुठ्ठ्यावर वीतभर फाटलेलं घोडं बऱ्याचदा सहज भरून येतं, कारण तिथे मांस आहे. गुडघ्याखाली नुसती कातडी, शिरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) आणि हाड. एवढीशी जखमही तिथे रेंगाळते, वरून लालभडक फाजील मांस वाढतं आणि कातडी जुळत नाही. सांध्याजवळ असेल तर धोका आणखी वाढतो. ऊसतोडीच्या दिवसांत कोयत्याने तिरकी कापलेली बुडखं सुरीसारखी उभी असतात. आमच्या एका घोड्याला त्यातलं एक घोट्याच्या सांध्याला लागलं. भोक वाटाण्याएवढं, रक्त जवळजवळ नाहीच. दुसऱ्या दिवशी तो पाय टेकेना आणि भोकातून पिवळसर पातळ पाणी यायला लागलं. ते दोन बोटांत धरून बोटं लांब केली की तार सुटायची. ते सांध्यातलं वंगण होतं. डॉक्टरांनी त्याच दिवशी सांधा आतून धुतला म्हणून तो वाचला. असं पाणी दिसलं किंवा जखमेच्या मानाने लंगडणं फार वाटलं, तर तासही घालवू नका.

तुमची घोडी लंगडत नाही, हे चांगलं आहे. तरी कापल्यापासून सहा-आठ तासांच्या आत डॉक्टरला दाखवा, टाके घालायचे असतील तर ते तेव्हाच नीट बसतात. तोवर एकाने तोंडाशी धरायचं, दुसऱ्याने बाजूला उभं राहून काम करायचं. आधी नळाच्या स्वच्छ पाण्याने पाच-दहा मिनिटं हळू धार सोडा. मग एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा साधारण दीड चमचा, घालून २० मिलीच्या सिरिंजने जखम आतून धुवा. बीटाडीन वापरायचं तर पाण्यात फिक्या चहाच्या रंगाइतकंच. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिट जखमेत ओतू नका, त्याने नवीन येणारं मांसही जळतं. वर निर्जंतुक गॉज, त्यावर कापसाचा जाड थर आणि मग क्रेप बँडेज. कापूस कमी घालून पट्टी आवळली तर पायाच्या मागच्या शिरेला इजा होते. पट्टी ओली झाली की लगेच बदला. पावसाळ्यात माशा बसून किडे पडतात, तेव्हा जखमेच्या कडेने माशांचा स्प्रे मारा.

धनुर्वाताची लस कधी दिली ते आठवतंय का? नसेल आठवत, तर आजच डॉक्टरला सांगा. घोडं धनुर्वाताला फार लवकर बळी पडतं, आणि त्याचे जंतू मातीत व घोड्याच्याच लिदीत असतात. दुखतंय म्हणून घरातली वेदनाशामक गोळी किंवा सुई देऊ नका. लंगडणं झाकलं जातं आणि आतलं दुखणं वाढत राहतं. डायक्लोफेनॅक तर जनावरांना द्यायला २००६ पासून बंदी आहे, ते दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं मेली.

आता खुराचा वास. तळव्याच्या मधल्या त्रिकोणी मऊ भागाच्या बाजूच्या खाचांतून काळं, सडकं काही निघत असेल, तर ती ओलाव्याने झालेली सड आहे. आपल्याकडचा पाऊस आणि ओला तबेला यामुळे हे नेहमीचं. रोज खूर उकरून घासून धुवा, कोरडा करा, नालबंदाकडून सडका भाग काढून घ्या आणि जागा कोरडी ठेवा. जागा ओली राहिली तर औषधाचा उपयोग होत नाही. पण खूर गरम लागत असेल, घोट्याच्या मागे दोन्ही बाजूंना नाडी जोरात उडत असेल आणि घोडी टोकावर उभी राहत असेल, तर आत पू धरलाय. तो नालबंदाने किंवा डॉक्टरने वाट करून काढायचा असतो, नंतर कोमट पाण्यात मॅग्नेशियम सल्फेट घालून शेकायचं. खिळा रुतलेला दिसला आणि डॉक्टर लवकर येणार असेल, तर तो उपसू नका, किती आणि कुठल्या दिशेने गेलाय ते एक्स-रेत कळतं. वाट बघण्यासारखं नसेल तर काढा, पण जागेवर खूण करा आणि दिशा व खोली लिहून ठेवा.

केस संपून खूर सुरू होतो त्या कडेला कापलं असेल, तर दुर्लक्ष करू नका. खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढतो. तिथली इजा वर्षभर खाली उतरत राहते आणि चीर तशीच राहू शकते.

डॉक्टर मिळत नसेल तर १९६२ वर फोन करा, जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठीच तो नंबर आहे. आणि पायाच्या आतल्या बाजूला ओळीने गाठी येऊन फुटत असतील, तर ती तारेची जखम नव्हे. ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग असू शकतो, तो माणसालाही होतो. हातमोजे घाला, ती घोडी बाकीच्यांपासून वेगळी बांधा आणि सरकारी दवाखान्याला कळवा.