'हकलबरी फिन'मध्ये लेखक गुलामगिरीविरुद्ध उघड काहीच बोलत नाही. मग ती वर्णद्वेषाविरुद्धची कादंबरी कशी?

मार्क ट्वेनने भाषण टाळलं, आणि तीच या कादंबरीची ताकद आहे असं मला मनापासून वाटतं.

ट्वेन अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातल्या हॅनिबल गावात वाढला. लहानपणी गुलामगिरीत काही गैर आहे असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. उलट देवाला ती मान्य आहे, असं चर्चमधून शिकवलं जायचं. आत्मचरित्रात त्याने हे स्वच्छ लिहून ठेवलंय. त्यामुळे या पुस्तकातले मालक राक्षस नाहीत, चारचौघांत भली म्हणावीत अशी माणसं आहेत. कथा सांगणाऱ्या हक या पोराला प्रार्थना शिकवणारी मिस वॉटसनच ८०० डॉलर मिळतात म्हणून जिम या आपल्या गुलामाला न्यू ऑर्लीन्सकडे विकायच्या विचारात असते. सायलस फेल्प्स या शेतकऱ्याने तर पदरच्या पैशाने चर्च बांधलंय, प्रवचनाचेही तो पैसे घेत नाही. पळून आलेल्या जिमला तो खोपटात साखळीने बांधून ठेवतो आणि एक-दोन दिवसांआड त्याच्यासोबत प्रार्थना करायला येतो. ट्वेन हे नुसतं सांगून पुढे जातो.

हकच्या तोंडून बोटीवरच्या स्फोटाची थाप ऐकून सायलसची बायको सॅली आँटी विचारते, कुणाला लागलं का? नाही, एक काळा मेला, असं हक म्हणतो. नशीबच म्हणायचं, कधीकधी माणसांना इजा होते, असं ती उत्तरते. ती प्रेमळ बाई आहे म्हणूनच हे वाचताना अंगावर काटा येतो.

३१वं प्रकरण मात्र सावकाश वाचा. आपल्यासोबत पळालेला जिम कुठे आहे हे मिस वॉटसनला कळवणारं पत्र हक लिहितो, आणि पाप धुऊन निघाल्यासारखं त्याला हलकं वाटतं. मग जिम आठवतो. हकची झोप मोडू नये म्हणून स्वतःच्या पहाऱ्यानंतर त्याचाही पहारा करणारा जिम. बरं, मग मी नरकात जाईन, असं म्हणून हक पत्र फाडतो. गुलामगिरी चूक आहे हे त्याला तेव्हाही पटलेलं नसतं, आपण नरकात जाणार याची त्याला खरोखर खात्री असते. चांगलं काम करण्यासाठी पोराला नरक पत्करावा लागतो! त्याला तो धर्म शिकवणाऱ्या समाजावर याहून कडक टीका मी तरी वाचलेली नाही.

यात अतिशयोक्ती वाटत असेल तर फ्रेडरिक डग्लसचं १८४५चं आत्मकथन वाचा. तो स्वतः गुलाम होता. १८३२मध्ये त्याचा मालक धार्मिक मेळाव्यात भक्तीला लागला आणि आधीपेक्षा क्रूर झाला. एका पांगळ्या तरुणीला बांधून रक्त येईपर्यंत चाबकाने मारताना तो बायबलमधलं वचन म्हणायचा.

शेवटची प्रकरणं मात्र मला खटकतात. जिमला सोडवण्याच्या नावाखाली हकचा मित्र टॉम सॉयर त्याचं खेळणं करतो, आणि मिस वॉटसनने मृत्युपत्रात त्याला दोन महिन्यांपूर्वीच मुक्त केलंय हे टॉमला ठाऊक असतं. इतका वेळ माणूस म्हणून उभा राहिलेला जिम इथे पुन्हा हास्यास्पद होतो. ही तक्रार अनेक कृष्णवर्णीय वाचकांनी केली आहे आणि ती रास्त आहे. पर्सिव्हल एव्हरेटच्या 'जेम्स' (२०२४) या कादंबरीत हीच कथा जिम स्वतः सांगतो. मूळ पुस्तक संपवून लगेच ती हातात घ्या.