पुनरुत्थानानंतर (मरणातून पुन्हा उठल्यावर) येशूने आपला शिष्य पेत्र याला “तू माझ्यावर प्रीती करतोस काय?” हे तीनदा का विचारलं?

कारण येशूला अटक झाली त्या रात्री पेत्राने “मी त्याचा शिष्य नाही” असं म्हणत त्याला तीनदा नाकारलं होतं. प्रत्येक नकाराला स्वतःच्या तोंडाने उत्तर देण्याची संधी येशू त्याला देतो. योहानाचं शुभवर्तमान 18 आणि 21 हे अध्याय शेजारी ठेवून वाचा. नकाराच्या रात्री पेत्र कोळशाच्या विस्तवाजवळ शेकत उभा होता, आणि इथे तिबिर्या सरोवराच्या काठावरही कोळशाचाच विस्तव आहे. मूळ ग्रीकमधला हा शब्द, ‘अंथ्राकिया’, अख्ख्या नव्या करारात फक्त या दोनच ठिकाणी येतो. पहिल्या प्रश्नात “ह्यांच्यापेक्षा अधिक”, म्हणजे बहुधा इतर शिष्यांपेक्षा अधिक, असंही आहे. नकाराआधी “सगळे अडखळले तरी मी अडखळणार नाही” म्हणणारा पेत्र आता ती तुलना उचलतच नाही, फक्त “होय प्रभू, मी तुमच्यावर प्रीती करतो हे तुम्हाला ठाऊक आहे” एवढंच म्हणतो. मला हा बदल फार मोठा वाटतो. तिसऱ्यांदा विचारल्यावर तो दुःखी होतो, तरी येशू दोष देत नाही, “माझी मेंढरं चार”, म्हणजे माझ्या अनुयायांचा सांभाळ कर, म्हणून काम सोपवतो. ग्रीकमध्ये प्रीतीसाठी इथे ‘अगापाओ’ आणि ‘फिलेओ’ अशी दोन क्रियापदं आहेत. मात्र त्यांच्या फरकावर फार भर देऊ नका, योहान ती बऱ्याचदा एकाच अर्थाने वापरतो असं अनेक अभ्यासक मानतात.