गॅदरिंगच्या कपाटाची चावी

"स्टाफमध्ये कोणी मदतच करत नाही मॅडम, सगळं माझ्यावरच येऊन पडतं." दिवाळीची सुट्टी संपली की गंगापूर रोडच्या माझ्या समुपदेशनाच्या केबिनमध्ये हे वाक्य शिक्षकांकडून हमखास ऐकू येतं, म्हणून एका बाईंची गोष्ट सांगते, ओळख पटणार नाही इतके बदल केलेत.

माध्यमिक शाळेत अठरा वर्षं नोकरी आणि दरवर्षी गॅदरिंगचा भार ह्यांच्यावर. पहिल्या दोन भेटी तक्रारीतच गेल्या, सिनियर सर घंटा झाली की गाडी काढतात, नवीन शिक्षणसेवक मोबाईलमधून डोकं वर काढत नाहीत. मी ऐकून घेतलं कारण थकवा खरा होता. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच बाहेरची कामं शिक्षकांना देता येतात, पण नुसती निवडणूकच केवढी असते, वर रोजच्या ऑनलाईन भरायच्या माहित्या. अशा स्टाफरूममध्ये माणसं एकमेकांवर चिडणारच, सगळा दोष स्वभावाचा नसतो.

तिसऱ्या भेटीत पर्समधून रुमाल काढताना चाव्यांचा जुडगा खाली पडला.

"एवढ्या चाव्या?"

"ही ड्रेपरीच्या कपाटाची, ही साउंडची, ही ट्रॉफ्यांची."

"दुसरी चावी कोणाकडे असते?"

"कोणाकडेच नाही. एकदा एका मॅडमना दिली होती तर त्यांनी लेझीमचे फेटे आणि कोळी डान्सच्या साड्या एकत्र कोंबल्या. तेव्हापासून मी कोणाला हात लावू देत नाही."

बोलल्या आणि थांबल्या. जुडगा टेबलावर ठेवला, पाणी प्यायल्या. मग हळू आवाजात, "म्हणजे मदतीला आलेल्याला मीच..." ते वाक्य मी पुरं केलं नाही. अशा वेळी गप्प बसणं मला जमतं, आणि ते जमायला बरीच वर्षं लागलीत.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वाटेने जाणारी, त्यांनी 1955 मध्ये मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धत मला 'पाहिजे' या शब्दाकडे बघायला लावते. मदत मिळाली तर बरं, ही इच्छा. मदत केलीच पाहिजे, न सांगता केली पाहिजे आणि माझ्यासारखीच केली पाहिजे, हा हट्ट, आणि तो पुरा झाला नाही की समोरचा थेट कामचुकार ठरतो.

म्हणून 'जरा बघा ना' असं मोघम बोलू नका, कोणी, काय, कधीपर्यंत हे स्पष्ट बोला आणि काम दिलंत की चावीही द्या. दहातलं सात झालं तरी परत स्वतः करायला बसू नका. हेडबाईंकडे जायचंच तर तक्रार घेऊन नको, आठवड्यातून वीस मिनिटं सगळ्यांना एकत्र बसायला मिळतील का एवढंच विचारा, कारण ऑफ तास वेगवेगळे असले की माणसं भेटतच नाहीत आणि गैरसमज तेवढे वाढतात.

बाईंनी ड्रेपरीची चावी त्या मोबाईलवाल्या शिक्षणसेवक सरांनाच दिली. गॅदरिंगच्या आदल्या दिवशी फोन आला, "मॅडम, त्यांनी प्रत्येक गाठोड्याचा फोटो इयत्ता टाकून ग्रुपवर पाठवलाय. फेट्यांच्या घड्या मात्र नीट नाहीयेत."

"मग?"

"मग काय, मी दहावीचा तास घेऊन आले."